कर्जरोख्यांची होळी

जालना हे शहर व्यापारउदिमाबद्दल पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तेथील औद्योगिक वसाहतीत, म्हणजे लोक जिला एमआयडीसी म्हणतात तेथे, भंगार लोखंड वितळवून बांधकामाच्या सळया तयार होतात. भट्टीसमोर राबणाऱ्या कामगाराच्या घरी आजारपण आले किंवा लग्नकार्य निघाले, की पगार पुरत नाही. कर्ज काढावे लागते. कर्ज काढणे हा काही अपराध नव्हे. परंतु न वाचता सही केली आणि पावतीवाचून पैसे फेडले, तर माणूस कसा नागवला जातो, हे महाराष्ट्राने दीडशे वर्षांपूर्वी पाहिले आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी बाजार भरला होता. त्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरले. काही ठिकाणी लुटालूट झाली. तिचे समर्थन कोणी करू नये. पण बहुतेक ठिकाणी शेतकऱ्यांनी मागितले ते कर्जरोखे, आणि हाती येताच ते जाळून टाकले.

मुलांनो, सोनेनाणे सोडून कागदावरच एवढा राग का? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला भाव आला, तेव्हा कर्जे सहज मिळाली. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले. सारा मात्र वाढला. शेतकऱ्याला अक्षरओळख नव्हती. रोख्यावर काय लिहिले आहे, ते सावकार सांगेल तेच खरे! फेडीची पावती मिळत नसे. व्याज मुदलात मिळवून नवा रोखा होई, आणि तोच पाहून न्यायालय हुकूमनामा देई.

पुढे सरकारने चौकशी केली व १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. शेतकऱ्याला पावती व हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. जालना त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने तेथे मात्र तो लागू नव्हता.

व्याज मुदलाहून अधिक घेऊ नये, हा दामदुपटीचा नियम आपल्याकडे फार जुना आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानेही तो पाळला आहे: सावकाराने १०,००० रुपये दिले, तर त्यावर १०,००० रुपयांहून अधिक व्याज त्याला वसूल करता येत नाही. बँकांची गोष्ट निराळी. त्यांना हा कायदा लागू नाही. पण थकबाकीसाठी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर कर्जदाराला दूरध्वनी करू नये, त्याला धमकावू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले.

अवाच्या सवा बिल आले तर? प्रथम त्याचा तपशील लेखी मागावा. तो मिळाला नाही, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. तेथे वकील द्यावाच लागतो असे नाही. तक्रारअर्जाला बिलाची आणि भरलेल्या पैशांच्या पावत्यांची प्रत जोडावी लागते.