विमानाचे शेपूट

धावपट्टीवर उभे असलेले प्रवासी विमान पाहताना दृष्टी प्रथम त्याच्या विशाल पंखांकडे जाते. शेपटाकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु पंखांनी उचलून धरलेल्या विमानाचे नाक वर असावे की खाली, हे शेपूट ठरविते.

पंखांची उचल जेथे एकवटते, त्याच्या किंचित पुढे प्रवासी विमानाचा गुरुत्वमध्य सामान्यतः ठेवलेला असतो. त्यामुळे नाक सतत खाली झुकू पाहते. शेपटाचा आडवा पंख मागचे टोक खाली दाबून हा तोल सावरतो. तो गुरुत्वमध्यापासून बराच दूर असतो. म्हणून लांब पहारीने मोठा धोंडा हलवावा, तसे थोड्या जोराने मोठे काम होते.

या पंखाच्या मागील कडेला बिजागरीवर हलणारी फळी असते. तिला एलिव्हेटर म्हणतात. वैमानिकाने नियंत्रक दांडा आपल्याकडे ओढला, की फळी वर उचलली जाते, हवा शेपूट खाली ढकलते आणि नाक वर येते. वर चढण्यासाठी शेपूट खाली दाबावे लागते, हे प्रथम ऐकताना नवल वाटते खरे!

उड्डाणात इंधन जळते, वेग बदलतो आणि तोलही बदलत राहतो. तो सांभाळण्यासाठी दांडा तासन् तास ओढून धरावा लागला, तर वैमानिकाचे हात भरून येतील. म्हणून मोठ्या विमानांत सबंध आडवा पंखच थोडा तिरका करता येतो. यालाच ट्रिम करणे म्हणतात. एमडी-८३ या विमानात हे काम सुमारे दोन फूट लांबीचा पोलादी स्क्रू करतो. मोटरीने फिरताना तो ब्राँझच्या नटातून वर-खाली सरकतो व पंखाची पुढची कड हलवितो.

३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचे असेच एक विमान मेक्सिकोतील प्वेर्तो व्हायार्ताहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाले होते. वाटेत त्याचा आडवा पंख अडकून बसला. दोघा वैमानिकांनी तो सोडविण्याचा प्रयत्न करताच विमान एकाएकी खाली झेपावले आणि सुमारे ३१ हजार फुटांवरून २४ हजार फुटांपर्यंत आले. दोघांनी सारे बळ लावून ते सावरले. विमान कितपत ताब्यात राहते, हे समुद्रावरच तपासू देण्याची विनंती मुख्य वैमानिकाने केली. पुढे दहाएक मिनिटांत स्क्रूचा उरलासुरला आधारही तुटला. विमान उलटे झाले; तशाही स्थितीत ते उडते ठेवण्यासाठी दोघे अखेरपर्यंत झगडत होते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ, पॅसिफिक महासागरात ते कोसळले आणि त्यातील ८८ही जण मृत्यू पावले.

समुद्रतळावरून तो स्क्रू वर काढण्यात आला. नटाचे आटे झिजून सोलले गेले होते आणि ब्राँझच्या पट्ट्या स्क्रूभोवती गुंडाळल्या होत्या. स्क्रूच्या ज्या भागावर नट चालतो, तेथे कामाचे वंगण उरलेच नव्हते. एकदा वंगण घातल्यावर पुन्हा केव्हा घालावे, याची मुदत अपघातापूर्वीच्या काही वर्षांत वाढविण्यात आली होती.