पोटातील गुडगुड : अंत्रकूजन आणि आटोप



बजाजनगरमध्ये रुग्ण तपासताना वाळूज औद्योगिक वसाहतीतील पाळीने काम करणारे कामगार बरेच येतात. ‘डॉक्टर, पोटात गुडगुडतंय’ ही त्यांची नेहमीची तक्रार. आपण केसपेपरवर ‘आटोप’ असे लिहून मोकळे होतो. या शब्दाचा अर्थ एकदा नीट तपासायला हवा.

चरकसंहितेत (चिकित्सास्थान, अध्याय २८) पक्वाशयगत वाताच्या लक्षणांत अंत्रकूज, शूल आणि आटोप यांचा एकत्र परंतु स्वतंत्र उल्लेख आहे. अर्थात अंत्रकूज व आटोप हे पर्यायशब्द मानता येत नाहीत. ‘कूज्’ या धातूचा अर्थ अव्यक्त ध्वनी करणे. आटोपाचा अर्थ काही टीकाकार ‘गुडगुडाशब्द’ असा करतात, तर काही वेदनायुक्त उदरक्षोभ असा करतात. म्हणून व्यवहारात केवळ ध्वनी असेल तर अंत्रकूजन, आणि त्यासोबत वेदना व क्षोभ असेल तर आटोप, असा भेद ठेवणे उपयुक्त ठरते.

‘पोटात कावळे ओरडतात’ तेव्हाचा ध्वनी जेवणाने शमतो. त्याला औषध नको. मल फेसाळ व सशब्द येत असेल तर वातज ग्रहणीचा विचार करावा.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कामगारास मी हिंग्वाष्टक चूर्ण दिले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘गुडगुड थांबली.’ मला समाधान वाटले, पण ते क्षणभरच. पोट तट्ट फुगलेले, उलट्या सुरू, आदल्या दिवसापासून वायू व मल दोन्ही बंद. स्टेथोस्कोपने आंत्रध्वनी ऐकू येईना. तत्काळ शल्यचिकित्सकांकडे पाठविले; आतड्याला पीळ पडला होता. शस्त्रक्रियेने रुग्ण वाचला. माझ्या पहिल्या दिवसाच्या केसपेपरवर मात्र ‘आटोप’ एवढा एकच शब्द होता. वायू सरतो का, हे मी विचारलेच नव्हते.

आंत्रावरोधात ध्वनी आरंभी वाढतो व पुढे लोपू शकतो. त्यामुळे शब्द थांबला एवढ्यावरून उपशय ठरवू नये. वातानुलोमन झाले, वेदना शमली व भूक लागली, तरच तो उपशय.

औषधी दुकानदार बंधूंनीही गुडगुडीसाठी चूर्ण मागणाऱ्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : उलटी होते का? वायू व मल सरतात का? उलटी होत असेल आणि वायू-मल बंद असतील, तर चूर्ण न देता रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे.