आई, मला तूप नको

आईबाबांनो,

तुमच्यापैकी काहींच्या घरी हे घडून गेलं असेल, काहींच्या घरी वर्षा-दोन वर्षांत घडेल. दहावी-बारावीतली लेक किंवा कॉलेजात जाणारा मुलगा एक दिवस जेवताना जाहीर करतो, "मी आजपासून व्हीगन." म्हणजे मांस, मासे, अंडी नाहीतच, शिवाय दूध, दही, तूप, पनीर आणि मधसुद्धा बंद. बाबा हसतात. आजीला वाटतं, पोराला कुणाची तरी दृष्ट लागली. आणि आईच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो: मग हे पोर खाणार तरी काय?

त्या प्रश्नाचं उत्तर आहे आणि ते आपण बघू. पण त्याआधी हे खूळ त्याच्या डोक्यात कुठून आलं, याचा थोडा विचार करू या. मोबाईलमधून आलं, असं तुम्ही म्हणाल. मोबाईलनं निमित्त पुरवलं, एवढंच. मुळं आपल्याच घरात आहेत. कोरडी भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट त्याला कुणी सांगितली? तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला एकनाथांनी कावडीतलं गंगाजल पाजलं, हे कुणी सांगितलं? आपणच. वसुबारसेला अनेक घरांत बायका गाईचं दूधदुभतं खात नाहीत, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातात. ऋषिपंचमीला तर बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, असा नेम असतो. ज्या जनावराच्या जिवावर आपण जगतो, त्याच्या श्रमाचं निदान एक दिवस घ्यायचं नाही, हा विचार आपल्या आज्या-पणज्यांनी करून ठेवला आहे. तुमचं पोर तो एक दिवस वर्षभर लांबवतंय. नामदेवांच्या वाटीतलं तूप त्याला नको असेल, पण त्या धावण्यामागची कळकळ त्यानं नेमकी उचलली आहे.

प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे आपल्या राज्यघटनेच्या ५१-अ कलमात नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५०च्या दशकात राज्यसभेत ज्यासाठी आवाज उठवला, तो प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारा कायदा १९६० साली झाला. तेव्हा मूल काही परदेशी फॅशन करतंय, हे मनातून काढून टाका. 'व्हीगन' ही चळवळ नावानिशी १९४४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाली हे खरं, पण तिच्या मुळाशी असलेली भावना आपल्याला नवी नाही.

आता त्यानं काय बघितलंय, काय वाचलंय, तेही समजून घ्या. गाय किंवा म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही. दुधाचा धंदा चालायचा तर तिला पुन्हा पुन्हा गाभण राहावं लागतं. कालवड झाली तर ठेवतात. गोऱ्ह्याचं काय? पूर्वी तो औताला लागायचा. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला फारसं काम उरलेलं नाही. म्हशीच्या नर पिलाची अवस्था त्याहून वाईट, कित्येकदा दुधाविना त्याला मरू दिलं जातं. महाराष्ट्रात २०१५पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हशीला ती लागू नाही. भाकड गाय पोसणं परवडेना, की ती मोकाट सुटते आणि उकिरड्यावर प्लॅस्टिक खाते. अंड्यांच्या धंद्यात नर पिलांचा उपयोगच नसतो, म्हणून अंड्यातून बाहेर येताच ती मारली जातात. पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या वाट्याला मोठ्या वहीच्या पानाएवढीही जागा येत नाही. २०१७ साली विधी आयोगानं आपल्या अहवालात या पिंजऱ्यांची दखल घेतली आहे. हे सगळं खरं आहे. "असं काही नसतं गं" म्हणून उडवून लावलंत, तर मूल तुमच्याशी बोलणं थांबवेल आणि पुढची माहिती कुठून तरी भलतीकडून घेईल.

पण करुणेनं पोट भरत नाही. म्हणून आता आईच्या प्रश्नाकडे वळू.

सगळ्यात महत्त्वाचं ब-१२ जीवनसत्त्व. ते वनस्पतींमधून भरवशानं मिळत नाही. इडली-डोशासारखे आंबवलेले पदार्थ किंवा शेवाळाच्या गोळ्या यांच्यावर विसंबू नका. दूधदुभतं सोडलं, की डॉक्टरांना विचारून ब-१२ची गोळी घ्यायची, आयुष्यभर आणि नेमानं. इथे वाटाघाटी नाहीत. याची कमतरता हळूहळू वाढते. थकवा, हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा असं करत ती मज्जातंतूंपर्यंत पोचते. आणि दूध पिणारे आपण फार सुरक्षित आहोत, असंही समजू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणींच्या रक्तात ब-१२ कमी आढळलं. म्हणून माझं सांगणं असं: मुलाची रक्ततपासणी कराल, तेव्हा स्वतःचीही करून घ्या. हिमोग्लोबिन, ब-१२, ड जीवनसत्त्व, तिन्ही बघा.

कॅल्शियमची भीती जरा कमी करू. १०० मिली गाईच्या दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. तिळात त्याहून जास्त, पण ते सगळंच अंगी लागत नाही, म्हणून एकाच पदार्थावर भिस्त नको. नाचणीची भाकरी किंवा आंबील, राजगिरा, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला आलटून पालटून पोटात गेला पाहिजे. लोहासाठी हळीव, पालेभाज्या, कडधान्यं. वर लिंबू पिळायचं आणि जेवणाला लागून चहा घ्यायचा नाही. मुलींच्या बाबतीत हे जास्त काटेकोरपणे पाळा. प्रथिनांसाठी डाळी, मोड आलेली मटकी, शेंगदाणे आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्यात मुबलक पिकणारं सोयाबीन. दुधाऐवजी काही प्यायचंच असेल, तर सोयाबीनचं पेय प्रथिनांच्या बाबतीत दुधाच्या सर्वांत जवळ येतं. बाजारातल्या बदामाच्या महागड्या खोक्यांत बऱ्याचदा पाणीच जास्त असतं.

मूल वाढीच्या वयात असेल, तर आहारतज्ज्ञाला एकदा दाखवाच. तान्ह्या आणि लहान मुलांच्या आहारात असे बदल मनानं करू नका.

स्वयंपाकघराची चिंता मात्र आपण उगाच वाढवतो. आपलं रोजचं जेवण बघा: पिठलं-भाकरी, कांदेपोहे, थालीपीठ, मटकीची उसळ, भरली वांगी, अळूचं फदफदं, आमटी-भात, शेंगदाण्याची चटणी, तिळगूळ, चिक्की. वरून तूप, दही, लोणी सोडलं, की यातलं जवळजवळ सगळं त्याला चालतं. कोकण आणि गोव्यात तर काम आणखी सोपं. सोलकढी आहे, नारळाच्या रसातले शिरवाळे आहेत, खापरोळी आहे, गोव्याचं मणगणं आहे. उकडीचा मोदकही त्याचाच. फक्त त्यावर तुपाची धार नको. अडतं ते चहाशी. कोरा चहा जमला तर उत्तम, नाहीतर शेंगदाणे भिजवून, वाटून, गाळून, उकळून त्याचं दूध करता येतं.

पण हे सगळं एकट्या आईनं करायचं नाही. ज्यानं ठरवलं, त्यानं शिकायचं. शेंगदाणे भिजत घालणं, मोड आणणं, भाकरी थापणं, डब्याचं आदल्या रात्री बघून ठेवणं ही कामं त्याची. मुलगा असेल तर दुप्पट आनंदानं त्याला ओट्यापाशी उभा करा. पाकिटं वाचायचं कामही त्याचंच. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. त्यात दूध आणि मध असू शकतो. व्हीगन पदार्थांसाठी २०२२मध्ये वेगळे नियम आले असून हिरव्या रंगातलं इंग्रजी 'व्ही' अक्षर आणि त्यावर पान अशी त्यांची खूण आहे. बिस्किटं आणि पाव यांत अनेकदा दुधाची भुकटी असते, हे कळलं की मुलांचं अरबटचरबट खाणं आपोआप कमी होतं, हा आपला फायदा. फक्त व्हीगन चिप्स आणि थंड पेयांवर दिवस काढू देऊ नका. तेही व्हीगनच असतं आणि ते जेवण नव्हे.

आजीचा प्रश्न नाजूक असतो. पंचामृतात साखर सोडली तर बाकी चारही गोष्टी याला चालत नाहीत. पूजेत सगळ्यांसमोर प्रसाद नाकारला, तर आजीचं मन दुखणारच. आधी बोलून ठेवा. तीर्थ म्हणून तुळशीचं पाणी, नैवेद्याला नारळाच्या दुधातली खीर, पुरणपोळी तेलावर. आजीला उपासतापासांचे नेम ठाऊक असतात. कुणी काही वर्ज्य करतं तेव्हा त्याला हसायचं नसतं, हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. नातवानं तिच्याशी वाद घालण्याऐवजी ऋषिपंचमीबद्दल विचारलं, तर अर्धी लढाई तिथेच संपते.

आता मुलांना काय सांगायचं ते.

पहिलं, सोवळं पाळू नकोस. आपल्या समाजात कोण काय खातं यावरून माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवलं गेलं आहे. मैत्रिणीच्या डब्यात बांगडा असेल, सुकट असेल, मटण असेल, तर नाक मुरडायचा अधिकार व्हीगन होण्यानं मिळत नाही. जनावरांची कणव येते आणि शेजारी बसलेल्या माणसाची येत नाही, ती करुणा खोटी.

दुसरं, शेतकऱ्याला खलनायक करू नकोस. १९७०पासूनच्या 'ऑपरेशन फ्लड'नंतर भारत जगात सर्वाधिक दूध काढणारा देश झाला, तो दारात दोन-चार जनावरं बांधणाऱ्या घरांच्या जोरावर. ऊस किंवा सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं आणि त्यावर किराणा, औषधं, पोरांच्या फिया भागतात. गोठ्यातली बाई पहाटे चारला उठते. तिला पर्याय न देता तिच्याकडे बोट दाखवायचं नाही.

तिसरं, शंभर टक्के शुद्धतेच्या मागे लागू नकोस. व्हीगन सोसायटीच्या व्याख्येतच 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' अशी मुभा आहे. औषधाच्या कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असलं, तरी डॉक्टरांनी दिलेलं औषध घ्यायचं. आजीची पैठणी रेशमी आहे म्हणून ती टाकून द्यायची नाही; नवी घ्यायची की नाही, ते तू ठरव. गांधीजींनी १९१२मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. पुढे भारतात ते मरणाच्या दारात पोचले, तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट सुचवली आणि त्यांनी ती स्वीकारली. या तडजोडीची बोच त्यांनी आत्मचरित्रात लपवली नाही. एवढ्या मोठ्या माणसाला जे करावं लागलं, ते सोळा वर्षांच्या मुलानं केलं तर त्यात पराभव नाही.

आणि चौथं, ताटाबाहेरही बघ. संक्रांतीला नायलॉनचा मांजा वापरायचा नाही, दिवाळीत सोसायटीच्या कुत्र्यामांजरांजवळ फटाके वाजवायचे नाहीत, उन्हाळ्यात गच्चीवर पाणी ठेवायचं आणि ते रोज बदलायचं. पिल्लू हवं असेल तर विकत आणण्याऐवजी रस्त्यावरचं सांभाळायचं, त्याची नसबंदी आणि रेबीजची लस करून घ्यायची. मांजराला मात्र व्हीगन करायला जाऊ नको, मांसाशिवाय त्याची तब्येत ढासळते.

एका गोष्टीवर मात्र डोळा ठेवा. कधीकधी 'व्हीगन' या नावाखाली वजनाची भीती लपलेली असते. आवडते व्हीगन पदार्थही नाकारले जात असतील, सगळ्यांबरोबर जेवणं टाळलं जात असेल, वजन भराभर उतरत असेल, मुलीची पाळी चुकत असेल, तर प्रश्न गाईम्हशींचा नसून मुलाच्या मनाचा आहे. तेव्हा रागावू नका, डॉक्टरांकडे आणि समुपदेशकाकडे जा.

तुम्ही स्वतः व्हीगन व्हा, असं मी म्हणणार नाही. तो निर्णय ज्याचा त्यानं घ्यायचा. मुलाचं हे वेड सहा महिन्यांत उतरेल किंवा जन्मभर टिकेल, तेही आज कुणी सांगू शकत नाही. पण दुसऱ्या जिवाच्या दुःखाचा विचार करून आपल्या आवडीची वस्तू सोडायला निघालेलं मूल तुमच्या घरात वाढतंय, ही तुमच्या वाढवण्याला मिळालेली पावती आहे. त्याला हिणवू नका, भुकेलंही ठेवू नका. या आठवड्यात दोन कामं करा: सगळ्या घराची रक्ततपासणी, आणि एक रात्र अख्ख्या घरानं त्याच्या हातचं जेवण.

तुमचीच, एक समुपदेशक