बालकांचे आरोग्य आणि बालरोगतज्ज्ञ

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि माता रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी यशवंतराव तेवढे मोठे झाले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चौघे बालवयातच गेली. राजरत्नचा मृत्यू १९२६ सालचा. त्या काळी घरात दारिद्र्य होते आणि न्यूमोनियासारख्या आजारावर प्रतिजैविक औषधेही उपलब्ध नव्हती. आज औषधे आहेत, लसी आहेत, तज्ज्ञ आहेत. मग आपले मूल त्यांच्यापर्यंत वेळेवर का पोहोचत नाही, याचा विचार प्रत्येक पालकाने केला पाहिजे.

आमच्याच घरचा अनुभव सांगतो. एका पावसाळ्यात आमच्या लहान मुलीला खोकला झाला. आम्ही उभयता नोकरीला. सकाळी लोकल गाठायची आणि रात्री डोंबिवलीला परतायचे. मेडिकलमधून औषध आणून तीन दिवस पाजले. चौथ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी प्रथम तिचा फ्रॉक वर केला आणि घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. न्यूमोनिया होता. मुलगी बरी झाली. परंतु श्वास मोजणे आम्हालाही जमले असते, ही खंत राहिली.

म्हणून ते प्रमाण येथे देत आहोत. मूल शांत असताना एका मिनिटात दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास भरल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध पीत नसेल, आकडी आली असेल किंवा गुंगीत असेल, तर सकाळची वाट पाहू नये.

बालरोगतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस.नंतर बालरोगशास्त्राचे विशेष शिक्षण घेतलेला डॉक्टर. मुलाच्या औषधाची मात्रा तो वजन पाहून ठरवतो. म्हणून मोठ्यांचे औषध अंदाजाने अर्धे करून देणे धोक्याचे आहे. मात्र त्याचे काम आजारापुरते नाही. वजन-उंचीची नोंद ठेवणे, आहार सांगणे, वाढीतील उणीव वेळीच ओळखणे हेही त्याचेच काम आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली, ती ज्या नवजात बालकांना आईचे दूध मिळू शकत नाही त्यांच्यासाठी. आपल्याकडे मात्र काही घरांत आईचा पहिला चीक टाकून बाळाला मध चाटवतात. ही प्रथा सोडली पाहिजे.

जन्मतः, नंतर ६, १० व १४ आठवड्यांनी, ९ महिन्यांनी आणि १६ ते २४ महिन्यांत लसी द्याव्यात. न्यूमोनियापासून संरक्षण देणारी पीसीव्ही लस २०२१ पासून महाराष्ट्राच्या शासकीय कार्यक्रमात आहे. कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर व कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज ही महापालिकांची रुग्णालये आहेत. शासकीय कार्यक्रमातील लसी महापालिकेच्या केंद्रांत मोफत मिळतात.

विद्यार्थी मित्रांना विनंती, की आपल्या इमारतीतील पाच वर्षांखालील मुलांची लसीकरण कार्डे एका रविवारी पाहावीत, चुकलेली तारीख वहीत लिहावी आणि त्या मातेबरोबर केंद्रावर जावे. आपल्या संस्थेचे हे कार्य ठरले, तर या स्मरणिकेचे सार्थक झाले असे आम्ही समजू.