पेशी कशी सापडली?

कांदा आपण रोजच चिरतो. त्याच्या आतल्या पाकळीवरून एक पातळ पापुद्रा निघतो. नुसत्या डोळ्यांना तो अगदी कोरा दिसतो. पण तोच पापुद्रा काचेच्या पट्टीवर ठेवावा आणि सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहावा. विटांची भिंत असावी तसे लहान लहान कप्पे एकाला एक लागून दिसतात. अशा एकेका कप्प्याला पेशी म्हणतात.

आंब्याचे पान पेशींचे बनलेले आहे. बैल पेशींचा बनलेला आहे. आणि तुम्हीआम्ही? आपणही पेशींचेच! मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात, असा अंदाज आहे.

मग हे माणसाला आधी का कळलं नाही? कारण साधे आहे. बहुतेक पेशी इतक्या बारीक असतात की त्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी चांगले भिंग हवे होते.

सन १६६५ ची गोष्ट. इंग्लंडात रॉबर्ट हूक नावाचा एक विद्वान होता. बाटलीला लावायचे बूच झाडाच्या सालीचे असते. हूकने धारदार चाकूने बुचाचा पातळ काप काढला आणि आपल्या यंत्रातून पाहिला. त्याला रिकामे कप्पे दिसले. एका इंचाच्या लांबीत हजाराहून जास्त! त्याने त्यांना ‘सेल’ हे नाव दिले. सेल म्हणजे लहानशी खोली. पण ती साल मेलेली होती. हूकला घर दिसले, घरातला जीव दिसला नाही.

जिवंत जग दिसले ते एका कापडवाल्याला. त्याचे नाव लेव्हेनहूक. हॉलंड देशातल्या डेल्फ्ट गावी तो राहत असे. कापडाची वीण पाहायला व्यापाऱ्यांना भिंग लागे. याला भिंगाचाच नाद लागला. तो स्वतः इवलीशी भिंगे बनवू लागला. त्याच्या एका भिंगातून वस्तू सुमारे २७० पट मोठी दिसे.

त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन होती. लेव्हेनहूकला ती येत नव्हती. तो फक्त आपल्या गावची डच भाषा जाणत होता. म्हणून तो गप्प बसला का? नाही. सन १६७३ पासून तो लंडनच्या रॉयल सोसायटीला डच भाषेत पत्रे लिहू लागला. पाण्याच्या थेंबात वळवळणारे बारीक जीव आपण पाहिले, असे त्याने १६७६ मध्ये कळवले.

विद्वानांना ते खरे वाटेना. तेव्हा हूकनेच १६७७ मध्ये तसे भिंग तयार करून पाहिले. जीव दिसले! कापडवाल्याचे म्हणणे खरे ठरले. सन १६८० मध्ये सोसायटीने त्याला आपला सभासद करून घेतले.

पण एक चूक त्याच्या हातून झाली. आपली सर्वांत चांगली भिंगे कशी बनवतो, हे त्याने कोणाला सांगितले नाही. सन १७२३ मध्ये तो वारला. हातातली कला त्याच्याबरोबर गेली. कागदावरची पत्रे तेवढी मागे राहिली.

पुढची यंत्रे दोन-तीन भिंगांची असत. त्यांत वस्तूच्या कडेला रंग दिसत आणि चित्र पुसट होई. दोन प्रकारच्या काचा जोडून हा दोष कमी करता येतो. ती भिंगे कशी बसवावीत, हे लिस्टर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने १८३० मध्ये लिहून प्रसिद्ध केले. मग चित्र स्वच्छ दिसू लागले.

त्यानंतर जर्मनीत दोन मित्र एकदा जेवायला बसले होते. श्लाइडेन झाडांचा अभ्यास करी, श्वान प्राण्यांचा. श्लाइडेन म्हणाला, झाडांच्या पेशींत मधोमध एक गोळी असते. श्वानला आठवले, “अरे, तशीच तर मी प्राण्यांत पाहिली आहे!” झाडे पेशींची बनतात, असे १८३८ मध्ये श्लाइडेनने मांडले. प्राणीही पेशींचेच, असे १८३९ मध्ये श्वानने मांडले. एकाने सांगितले, दुसऱ्याने ऐकले, म्हणून हे जमले.

तरी दोघांचे सगळेच बरोबर नव्हते. नवी पेशी जणू साखरेचा खडा जमावा तशी जमते, असे त्यांना वाटे. पेशी दुभंगून एकीच्या दोन होतात, हे रेमाक याने पाहिले. पेशी पेशीपासूनच जन्मते, हे फिरखो या डॉक्टरने १८५५ मध्ये ठासून सांगितले. शरीरातला रोग पेशीत शोधावा, हेही त्याने डॉक्टरांना शिकवले.

याचा आपल्याला काय उपयोग? थंडी वाजून ताप आला की दवाखान्यात बोटातून थेंबभर रक्त घेतात. ते काचेच्या पट्टीवर पसरतात आणि यंत्राखाली पाहतात. रक्ताच्या तांबड्या पेशीत हिवतापाचा जंतू दिसला, की नेमके औषध देता येते. म्हणून सुई टोचायला घाबरू नका. रक्त तपासून घ्या.

आणि तुम्हाला एखादी नवी गोष्ट दिसली, तर ती आपल्या भाषेत लिहून ठेवा. दुसऱ्याला सांगा.

सांगा पाहू :
१. हूकला बुचात काय दिसले?
२. लेव्हेनहूकची पत्रे राहिली, कला का गेली?
३. नवी पेशी कोठून येते?