महेश्वरची एक रात्र आणि आमच्या घरची ओल

आधीच सांगते, हे प्रवासवर्णन नाही. नर्मदेचा सूर्यास्त, होडी, फोटो हे सगळं झालं, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे भिंतीबद्दल. स्थापत्यच्या मुलीकडून दुसरी काय अपेक्षा करणार!

झालं असं की माझ्या आत्याला साठ वर्षं पूर्ण झाली. तिनं ठरवलं, हॉल घेऊन जेवणावळ घालायची नाही, त्या पैशात एक रात्र अहिल्याबाईंच्या महेश्वरला किल्ल्यातल्या हॉटेलात राहायचं. सोबतीला कोण? सबमिशन संपलेली मी. खोलीचं भाडं इथे लिहीत नाही. हॉस्टेलवाल्यांनी मेसच्या बिलाशी तुलना केली तर जेवण जाणार नाही.

कन्नड घाट, चाळीसगाव, धुळे, सेंधवा करत आम्ही पोचलो. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडीचा. वेरूळचं घृष्णेश्वर मंदिर आपण बघतो ते त्यांनीच जीर्णोद्धार केलेलं. सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले आणि पुढच्या वर्षापासून त्यांनी महेश्वरहून कारभार पाहिला, तो १७९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत. १८१८ नंतर होळकरांची राजधानी इंदूरला गेली आणि महेश्वर मागे पडलं. होळकर घराण्यातल्या रिचर्ड होळकरांनी २००० साली किल्ल्यातल्या आपल्या निवासाचा भाग पाहुण्यांसाठी खुला केला. शेजारचा राजवाडा, तिथली अहिल्याबाईंची गादी आणि देवघर मात्र कुणालाही बघता येतं.

राजवाडा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे झुंबरं होती. प्रत्यक्षात लाकडी खांबांची ओसरी, मधे चौक, पांढरी बैठक. मी आत्याला म्हटलं, "अगं, हा तर आपल्या औरंगपुऱ्यातल्या वाड्यासारखाच आहे!" आत्या हसली आणि म्हणाली, "हो, फक्त याच्या भिंती रडत नाहीत."

आणि तिथेच माझं चित्त सूर्यास्तावरून उडालं.

आमच्या भिंती का रडतात?

औरंगपुऱ्यातलं आमचं घर पणजोबांच्या वेळचं. विटा, चुना, सागाचे खांब, वर माळवद. मागच्या भिंतीला, म्हणजे आजीच्या खोलीच्या भिंतीला, ओल यायची. काही वर्षांपूर्वी बाबांनी चांगले पैसे खर्चून त्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. दोन पावसाळे भिंत चकाचक. तिसऱ्या वर्षी ओल पुन्हा आली, तीही आधी कंबरेएवढी होती ती आता खांद्याच्या वर. गिलाव्याचे पापुद्रे पडले आणि मागे बघतो तर विटांचा भुगा. आजीचा खोकला सुरू झाला. काका म्हणाले, "घर संपलं आता, बिल्डरला देऊन टाकू." बाबा काही बोलले नाहीत, म्हणजे जवळजवळ हो.

महेश्वरला दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या देवळात गेली. मी किल्ल्याच्या गल्लीत एका जुन्या भिंतीची डागडुजी चालली होती तिथे जाऊन उभी राहिले. म्हातारे मिस्त्री होते, शेजारी पिंपात भिजवलेला चुना. मी आमच्या भिंतीची कहाणी सांगितली. त्यांनी हिंदीत एकच विचारलं, "घाम आल्यावर प्लास्टिकचा सदरा घालता का?" व्हायवाला असा प्रश्न कुणी विचारला असता तर मला आयुष्यभर उत्तर लक्षात राहिलं असतं.

चुन्याचं गणित

आपण बांधकाम साहित्याच्या पेपरात चुना दोन मार्कांपुरता वाचतो. त्याचं गणित करून बघा, मजा आहे. १०० किलो शुद्ध चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातलं की तो खदखदतो, उष्णता बाहेर पडते. त्यातलं १८ किलो पाणी तो कायमचं धरून ठेवतो आणि ७४ किलोचा होतो. हा चुना भिंतीवर गेला की हवेतला ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो, १८ किलो पाणी सोडतो आणि पुन्हा १०० किलो चुनखडी! म्हणजे डोंगरातला दगड, भट्टीतून जाऊन, भिंतीवर पुन्हा दगड. पण हे काम बाहेरून आत होत जातं आणि त्याला आठवडे, महिने, जाड थराला वर्षंही लागतात. ठेकेदाराला एवढा वेळ नसतो. सिमेंट जिंकलं त्याचं हे एक मोठं कारण.

जुने लोक नुसता चुना वापरत नसत. वाळूबरोबर सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, घालायचे. सुरखीतला सिलिका चुन्याशी संयोग पावतो आणि ओलाव्यातही घट्ट होणारा माल तयार होतो. गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळ घालायचीही रीत होती. आणि मालाची घाणी असायची. बैल गोल फिरायचा, दगडी चाक चुना मळायचं.

आता ओलीकडे येऊ. जमिनीतलं पाणी विटेच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं. चुन्याचा गिलावाही सच्छिद्र असतो. त्यामुळे वर चढलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि एका उंचीवर चढणं आणि सुकणं यांचा तोल जमतो. सिमेंटचा गिलावा दाट. तो बाहेरचा रस्ता अडवतो. पाणी चढायचं थांबत नाही, ते फक्त आणखी वर जाऊन वाट शोधतं. कंबरेची ओल खांद्यावर गेली ती अशी.

पाण्याबरोबर क्षार येतात. पाणी उडालं की क्षारांचे स्फटिक होतात. आजी ज्याला 'लोणा लागला' म्हणते तो हाच. चुन्याच्या भिंतीत हे स्फटिक बहुतेक गिलाव्यावर येतात, गिलावा झडतो, दहा-पंधरा वर्षांनी नवा करायचा. सिमेंटच्या मागे ते विटेच्या आत तयार होतात आणि वाढताना वीटच फोडतात. म्हणजे जुन्या पद्धतीत गिलावा मरतो आणि भिंत वाचते, आमच्याकडे गिलावा वाचवायला गेलो आणि भिंत मरायला लागली.

यात सिमेंट वाईट असं नाही. आपल्या हॉस्टेलचा स्लॅब चुन्यात कुणी ओतणार नाही. प्रश्न जोडीचा आहे. मऊ, हलणाऱ्या, श्वास घेणाऱ्या भिंतीवर टणक, न हलणारा थर बसवला की भांडण होणारच.

राजवाड्याचं हॉटेल करणं म्हणजे काय?

जेवणानंतर चौकात बसून मी आत्याला लेक्चर दिलं, ते थोडक्यात तुम्हालाही देते. उदयपूरचा लेक पॅलेस १९६३ मध्ये हॉटेल झाला. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि मोठे वाडे सांभाळायचे कसे हा प्रश्न सगळीकडे उभा राहिला. हैदराबादच्या फलकनुमाचा पाया १८८४ चा. पुढे तो निजामाकडे गेला, त्याच निजामाच्या राज्यात आपला मराठवाडाही होता. फलकनुमाच्या दुरुस्तीला दहा वर्षं लागली आणि २०१० मध्ये तिथे हॉटेल उघडलं. पुण्याजवळ सासवडच्या बाजूला पिलाजी जाधवरावांची १७१० ची गढी, जाधवगड, तिथेही आता हॉटेल आहे.

यात खरी परीक्षा आपल्यासारख्यांची. जुन्या वाड्यात प्रत्येक खोलीला न्हाणीघर नव्हतं, हॉटेलात लागतं. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन, ते सागाच्या तुळयांवर कुठे ठेवणार? माळवदाची एक फूट मातीच एका चौरस मीटरला पाचशे किलोच्या जवळपास भरते. गळका पाइप लाकडी तक्तपोशीत लपवला तर वाळवी आणि कूज कळणार कधी? म्हणून चांगल्या कामात ओल्या जागा एकाखाली एक घेतात, पाइप उघडता येईल अशा ठिकाणी ठेवतात, आणि नवीन जे घालू ते उद्या काढता येईल असं घालतात. केलेलं काम परत काढता येणं ही या विद्येतली सगळ्यात मोठी अट. आमचा सिमेंटचा गिलावा काढताना विटेचा तुकडा घेऊनच निघतो, म्हणजे आम्ही त्याच परीक्षेत नापास.

आणि जुनं ते सगळं सोनं, असंही कुणी समजू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात आपल्याच मराठवाड्यात हजारो माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, आत-बाहेरचे दोन थर बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर माळवदाचं ओझं. जुन्या घरावर प्रेम करायचं तर त्याचे दोष आधी माहीत हवेत.

आपल्याच शहरातला धडा

परतल्यावर मी बीबी का मकबऱ्याला गेले. १६५१ ते १६६१ च्या दरम्यानची ही इमारत. संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला आहे, बाकी पुष्कळशी शोभा दगडावरच्या चुन्याच्या गिलाव्याची. शाळेत असताना 'गरिबांचा ताजमहाल' म्हणून आपण हसलो. साडेतीनशे वर्षांहून जुनं हे चुन्याचं काम घरापासून जवळच आहे आणि मी ते शिकायला महेश्वरला गेले, याचं हसू आलं.

मग प्रयोग केला. मागच्या भिंतीच्या सुट्या झालेल्या सहा विटा घेतल्या. तिघींना सिमेंटचा, तिघींना चुना-सुरखीचा गिलावा, तळ सगळ्यांचा उघडा. चुन्याला दीड महिना दिला. मग आठवडाभर एक इंच पाण्यात ठेवल्या, बाहेर काढल्या आणि लॅबमध्ये रोज वजन केलं. लॅबमधले काका म्हणाले, "बाई, विटांना काय ताप आलाय का?" चुन्याच्या विटा आधी मूळ वजनाच्या जवळ आल्या, सिमेंटच्या बऱ्याच मागे राहिल्या. सहा विटांवरून संशोधन होत नाही, हे मला कळतं. पण बाबांना दाखवायला वही पुरेशी होती.

बाबांनी वही शांतपणे वाचली आणि विचारलं, "मुळात पाणी येतं कुठून?" बघा, प्रोजेक्टमध्ये हा प्रश्न मला सुचला नव्हता! शोधलं तर दोन कारणं निघाली. गल्लीचा रस्ता थरावर थर चढत आमच्या जोत्याच्या वर गेला होता, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीलाच टेकत होतं. आणि न्हाणीचा जुना पाइप जमिनीखाली गळत होता. चुना ही जादू नाही. आधी पाणी थांबवायचं, मग भिंत सुकवायची, मग गिलावा. हा क्रम उलटा केला तर चुनाही हरतो.

पाइप बदलला. भिंतीलगत चर खणून पाण्याला वाट करून दिली. उन्हाळ्यात सहा फूट लांबीचा सिमेंटचा गिलावा छिन्नीने हलक्या हातानं काढला, क्षार कोरड्या ब्रशने झाडले, दोन महिने भिंत उघडी ठेवली. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायला मात्र फार फिरावं लागलं. जे भेटले ते सत्तरीचे. म्हणाले, "पोरं शिकत नाहीत, काम कुठंय?" त्यांनी माल केला, मी सुरखी चाळली.

एक पावसाळा गेला. खालची वीतभर ओल अजून आहे. वर भिंत कोरडी आहे, लोणा थोडा येतो, तो गिलाव्यावर येतो. आजीचा पलंग पुन्हा त्या भिंतीशी लागला. काकांनी बिल्डरचा विषय सोडलेला नाही, पण "अजून एक पावसाळा बघू" असं आता तेच म्हणतात. उरलेल्या भिंतीचा खर्च मोठा आहे आणि निर्णय सोपा नाही. पण आता निर्णय घर 'संपलं' म्हणून होणार नाही, हिशेब करून होईल.

हॉस्टेलच्या दोस्तांनो, तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या गावी गढी असेल, वाडा असेल, निदान आजोबांचं माळवदाचं घर असेल. त्या सगळ्यांची हॉटेलं होणार नाहीत, व्हायलाही नकोत. पण दिवाळीच्या सुट्टीत गेलात की एकदा भिंतीला हात लावून बघा. ओल किती उंच आहे ते खडूने आखा, तारीख लिहा. पाणी कुठून येतं ते शोधा. आणि गावात चुन्याचा कुणी म्हातारा गवंडी असेल तर त्याच्याजवळ तासभर बसा, तो सांगेल ते प्रमाण वहीत उतरवा. आपल्या अभ्यासक्रमात दोन मार्कांचं आहे, त्याच्याजवळ आयुष्यभराचं आहे.

आत्याचा कालच फोन आला होता. विचारत होती, "काय गं, भिंत रडते का अजून?" म्हटलं, "रडते, पण आता डोळे पुसायला जागा ठेवलीये."

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी