दोन इंचांचा हिशेब

पिकअप ट्रक कारखान्यातून आला त्याहून दोन इंच उंच असावा अशी इच्छा माणसास का व्हावी, याचे समाधानकारक उत्तर मला अमेरिकेतील दीर्घ वास्तव्यानंतरही देता येणार नाही. परंतु ती इच्छा एकदा मनात रुजली म्हणजे घरातील कोणाच्याही समजावण्याने जात नाही, एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकतो. माझ्या भाच्याने मिशिगनमध्ये नोकरी लागताच 2012 सालचा, बराच वापरलेला टोयोटा टॅकोमा विकत घेतला, आणि राज्याच्या उत्तरेस अप्पर पेनिन्सुलातील जंगलांतून ज्या वाळूच्या वाटा जातात त्यांवर भटकण्याच्या हेतूने, तो उंच करण्याचा बेत माझ्या घरच्या गॅरेजात पार पाडण्याचे ठरवले. मी पुण्यास वाहनधंद्यात उमेदवारी केलेला आणि पुढे डेट्रॉइटच्या परिसरात त्याच व्यवसायात हयात घालवलेला असल्यामुळे, "मामा, तुम्ही असताना वर्कशॉपवाल्याला पैसे कशाला द्यायचे?" या त्याच्या प्रश्नाला त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हते. आता आहे, आणि ते थोडे लांबलचक आहे.

सस्पेन्शनची लिफ्ट किट बसवल्याने गाडीचे शरीर वर जाते, परंतु मागचा आक्सल आणि त्याच्या मध्यावरील डिफरन्शियलचा गोळा जेथे होता तेथेच राहतो, ही गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. दगड ज्याला प्रथम लागतो तो हाच गोळा; तो वर न्यायचा तर मोठ्या व्यासाचे टायरच घालावे लागतात, आणि लिफ्टचा मुख्य उपयोग त्या टायरांना मडगार्डखाली जागा करून देणे व चढउतारावर गाडीचे नाक आणि शेपूट जमिनीला टेकू न देणे, एवढाच आहे. आपणांस यांतील काय हवे आहे याचा विचार न करता केवळ आकृती रुबाबदार दिसावी म्हणून हा खटाटोप करणाऱ्याने तसे स्वतःशी तरी प्रांजळपणे कबूल करावे, म्हणजे खर्चाचे दुःख कमी होते.

भाच्याने प्रथम पसंत केलेली किट स्वस्तातली होती: पुढच्या स्ट्रटच्या माथ्यावर बसवायच्या दोन जाड चकत्या आणि मागच्या पाट्यांखाली घालायचे दोन ठोकळे. या चकत्यांची एक गंमत आहे. स्ट्रटचे खालचे टोक चाकापाशी नसून चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या खालच्या आर्मवर बरेच आतल्या बाजूस जोडलेले असते, त्यामुळे माथ्यावर एक इंचाची चकती ठेवली की चाकापाशी सुमारे दोन इंच उंची पदरात पडते. पाहणाऱ्यास हा फुकटचा लाभ वाटतो. पण त्याच तरफेच्या न्यायाने, चाक खड्ड्यात लोंबते तेव्हा ते पूर्वीपेक्षा तितकेच अधिक खाली जाते, बॉल जॉइंट आणि पुढच्या चाकांना शक्ती पोचवणारे सीव्ही जॉइंट आपल्या मर्यादेपर्यंत वाकतात, आणि उलट चाक वर दबते तेव्हा रबरी बंपस्टॉपच्या आधी स्ट्रटच तळाला आपटण्याचा संभव राहतो. मी त्या चकत्या परत पाठवायला लावल्या आणि त्यांऐवजी लांब स्प्रिंग व तिला साजेसा शॉक असे कंपनीतच जुळवून आलेले पूर्ण स्ट्रट मागवले. खर्च कितीतरी वाढला, आणि त्याबद्दल मला आजही यत्किंचित पश्चात्ताप नाही.

पूर्ण स्ट्रट घेण्यामागे दुसरेही कारण होते, आणि माझ्या मते तेच अधिक वजनदार आहे. जुन्या स्ट्रटवरची स्प्रिंग सोडवून नव्या शॉकवर चढवायची तर ती आधी दाबून धरावी लागते. त्या दाबलेल्या स्प्रिंगमध्ये हजार पौंडांहून अधिक जोर कोंडलेला असतो, आणि सुटे भाग विकणाऱ्या दुकानांतून जे दोन लांब बोल्टचे कॉम्प्रेसर भाड्याने मिळतात त्यांचा आकडा वेढ्यावरून घसरला तर मधे येणाऱ्या हाताची वा जबड्याची गय होत नाही. ज्याने हे काम शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली केलेले नाही त्याने ते घरी करू नये. स्ट्रट उचलून वर्कशॉपमध्ये न्यावेत, तेथे भिंतीला पक्क्या जखडलेल्या यंत्रावर ते थोड्या वेळात जुळवून मिळतात.

गाडी उचलण्याविषयी जे सर्वश्रुत आहे ते येथे थोडक्यात नोंदवतो: फरशी सपाट व काँक्रीटची असावी, जमिनीवरील चाकांना पुढून-मागून ओट लावावेत, जॅकने उचलून चेसिसखाली भक्कम स्टँड द्यावेत, आणि केवळ जॅकच्या भरवशावर अंगाचा कोणताही भाग गाडीखाली नेऊ नये. चाकाचा नकल सुटा झाला की तो ब्रेकच्या नळीवर किंवा एबीएसच्या तारेवर लोंबकळत ठेवू नये, तारेने वर बांधून ठेवावा.

पुढचे दोन्ही स्ट्रट अपेक्षेपेक्षा सुखाने बसले. भाचा तर संध्याकाळी गाडीचे फोटो काढून आईला पुण्यास पाठवूनही मोकळा झाला. खरे विघ्न ज्या बोल्टना आम्ही हातही लावला नव्हता त्यांच्यापाशी दबा धरून बसले होते. गाडीची उंची बदलली की पुढच्या चाकांचे कॅम्बर, कॅस्टर आणि टो हे तिन्ही कोन बिघडतात. ते दुरुस्त करण्यासाठी खालच्या आर्मच्या मुळाशी विकेंद्री चकतीचे कॅमबोल्ट असतात, जे फिरवले की आर्म आतबाहेर सरकतो. परंतु मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि कित्येक हिवाळ्यांचे ते मीठ पिऊन हे बोल्ट आर्मच्या रबरी बुशच्या आतील पोलादी नळीशी असे एकजीव झाले होते की, अलाइनमेंटच्या दुकानातील कारागिराने लांब दांड्याचा पाना लावून नट फिरवला तेव्हा बोल्ट मोकळा न फिरता नळीसकट रबरच पिळले जाऊ लागले. त्याने पाना खाली ठेवला आणि गाडी आहे त्या स्थितीत परत दिली. त्याचा निर्णय रास्त होता.

मग सुरू झाले ते काम मूळ बेताच्या कोणत्याही तपशिलात नव्हते. गंजावर मुरणारे तेल वारंवार मारून पाहिले, व्यर्थ. ज्योतीने तापवावे तर बुशचे रबर जळून गॅरेजभर काळा, घशाला झोंबणारा धूर. अखेर बुशच्या दोन्ही अंगांनी, आर्म आणि चेसिसचा कान यांच्यामधील चिंचोळ्या फटीत करवतीचे पाते घालून बोल्ट कापावे लागले, आणि नवे बोल्ट, नव्या कॅमचकत्या व नवे बुश येईपर्यंत ट्रक स्टँडवर पाय लोंबकळत उभा राहिला. तेवढ्या काळात भाचा माझ्या मोटारीने कामावर जाई व मी घरी बसे. म्हणून ज्या प्रदेशात रस्त्यांवर मीठ पडते तेथील वाचकास माझे आग्रहाचे सांगणे असे की, किट मागवण्याच्याही आधी गाडीखाली जाऊन हे कॅमबोल्ट फिरतात की नाही याची खातरजमा करावी. फिरवण्याआधी त्यांच्या मूळ जागी रंगाने खूण करून ठेवावी. आणि ते फिरत नसतील तर नवे बोल्ट व बुश यांची तजवीज आधी करून मगच पुढचा विचार करावा. याच जोडीला वरच्या आर्मचाही प्रश्न येतो. दोन-अडीच इंचांच्या पुढे गेल्यास मूळ आर्म ठेवून कॅस्टर पुरेसा मिळत नाही, आणि कॅस्टर कमी पडला की सरळ रस्त्यावर गाडी भरकटते व वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही. भाच्याला तीन इंच हवे होते. दोनवर तडजोड झाली ती या कारणाने.

मागच्या बाजूस ठोकळ्यांऐवजी आम्ही पाट्यांच्या जुडीत एक जादा पाटा घातला. आपल्याकडे मालट्रकला अधिक माल पेलावा म्हणून जादा पाटा टाकून घेतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे माल नसतो, त्यामुळे रिकामी गाडी खड्ड्यांवर जरा उडते. आक्सलला पाट्यांशी आवळणारे यू-बोल्ट एकदा पूर्ण जोराने आवळले म्हणजे ते कायमचे ताणले जातात. ते पुन्हा वापरण्याची काटकसर करू नये. आक्सल लोंबता ठेवून मागची ब्रेकची नळी किती ताणली जाते ते डोळ्यांनी पाहावे, आणि ज्या जुन्या पिकअपना भाराप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, तेथे त्याची दांडी नव्या उंचीशी जुळवून घ्यावी, कारण शरीर आक्सलपासून दूर गेले की तो व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजून मागचा ब्रेक ढिला ठेवतो. आमच्या टॅकोमात निघताना तळातून एक थरथर जाणवू लागली. प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो तेथे मधल्या बेअरिंगचा आधार किंचित खाली घेतल्याने कोन सुधारतात, आणि त्या उपायाने ती थांबली.

एक बारकावा असा की ज्याची हयगय चांगले चांगले कारागीरही करतात. बुशचे रबर आतील व बाहेरील नळीला चिकटवलेले असते. चाके हवेत लोंबत असताना बोल्ट आवळून टाकले की ते रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडले जाते, आणि गाडी खाली उतरताच पिळलेल्या पंचासारखे कायमचे पिळून राहते, मग कुरकुरते आणि अकाली फाटते. म्हणून सर्व बोल्ट आधी हलकेच बसवावेत, गाडी स्वतःच्या चाकांवर उतरवून थोडी पुढेमागे ढकलावी, आणि नंतर खाली सरपटत जाऊन टॉर्क रेंचने कारखान्याच्या पुस्तिकेतील मापाबरहुकूम आवळावेत. हे काम गैरसोयीचे आहे, पाठ दुखते, तरी ते तसेच करावे.

कागदपत्रांकडेही दुर्लक्ष करू नये. अमेरिकेत बंपर व दिव्यांच्या उंचीची मर्यादा राज्यागणिक वेगळी आहे, ती आपल्या राज्याच्या नियमांत आधी पाहावी. विमा कंपनीस फेरफार लेखी कळवावा. वॉरंटीबद्दल 1975 चा मॅग्नुसन-मॉस कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे: केवळ बाहेरचा भाग बसवला एवढ्या सबबीवर सबंध वॉरंटी नाकारता येत नाही. मात्र त्या भागामुळेच बिघाड झाला असेल तर ती दुरुस्ती आपल्या खिशातून करावी लागते. पुढचे दिवे खाली वळवून घ्यावेत, नाहीतर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. आणि 2018 पासूनच्या टॅकोमात पुढे रडार व कॅमेरा असतात, त्यांचीही तपासणी करून घ्यावी.

भाचा आता त्या वाळूच्या वाटांवर जाऊन आला आहे, आणि गाडी उत्तम चालली असे सांगतो. मी सोबत गेलो नव्हतो. उंच झालेली गाडी वळणावर अधिक कलते, तेव्हा वेग कमी ठेव, एवढेच मी त्याला सांगितले होते. ज्यांना हे घरी करायचेच आहे त्यांनी जॅक लावण्यापूर्वी अलाइनमेंटच्या दुकानाची वेळ ठरवून घ्यावी, तेथपर्यंत महामार्ग टाळून सावकाश जावे, आणि काही शे मैल चालल्यावर यू-बोल्टसह प्रत्येक नट पुन्हा तपासून आवळावा.